संतरामच्या दंडावरचं पुसेगाव

—खरं सांगतो मालक, वस्तऱ्यावर हात ठेवून सांगतो, यातलं अक्षर खोटं न्हाई. आता वस्तरा तसा माझा न्हाई, मामाचा हाय, आन त्याची धार कवाचीच गेलेली—म्हून शपथ बी जराशी बोथट धरा. पन गोष्ट खरी. अर्धी तर म्या डोळ्यांनी बघितली, उरलेली चंदाबाईनं सांगितली, आन चंदाबाई खोटं बोलत न्हाई, तिला तेवढी सवडच न्हाई. बसा की. त्या दगडावर बसा. न्हाई न्हाई, फाटकाच्या आत न्हाई—अलीकडं, लिंबाखाली. आत जायचंच म्हनता? जा की, कोन अडवून राहिलं? मीच. पन आधी दाढी करून देतो. नको? चांगली वाढलीय, गालावर बोरी-बाभळी उगवल्यागत, आन तुमी म्हनता नको. बरं, नको तर नको. काहून नको ते म्या इचारलं का? म्या न्हावी मानूस, गिऱ्हाईक नको म्हनलं की वस्तरा मिटायचा. तांब्या तेवढा खाली ठेवा. रिकामाच हाय ना? रिकाम्या तांब्याला फडकं बांधून आनलंत म्हून आपलं इचारलं. आईकलं, आईकलं—कळमनुरीहून आलात, बैलाचे यापारी, जाता जाता पागलखाना बघायची हौस वाटली. बराबर हाय. बैल इकून इकून मानसाला असली हौस वाटतच असंल.

एक मातर करा मालक, पागलखाना म्हनू नका. चंदाबाईच्या कानी गेलं तर ती तुमालाच आत घालंल, आन आतले लोक हात जोडून म्हनतील, बाई, याला बाहेर काढा. हे भोळ्यांचं घर. ही बराक गोऱ्या सायबाच्या फौजेची—हिंगोलीची छावनी उठली, फौज गेली, घोडे गेले, राहिली भिताडं, आन त्या भिताडांची राखन करायला मोहनसिंग हवालदार. चंदाबाई त्याची बायको. एक दिस कोनीतरी या फाटकाशी एक पोरगं सोडून गेलं, डोक्यानं अधू. मग दुसरं आलं. मग हवालदार वारला, पन लोकाला पत्ता पाठ झालेला. कोनी चोरून सोडलं म्हनता? छ्या! चांगलं दिवसाढवळ्या, बैलगाडीतून खाली उतरवून, "जरा बस रं इथं, बाजार करून येतो" म्हनून. हिंगोलीचा बाजार एवढा मोठा हाय मालक, की त्यातल्या एकाचाबी बाजार अजून उरकला न्हाई.

त्यातलाच एक संतराम. पुसेगावच्या माणिकरावाचा सख्खा धाकटा भाऊ. माणिकराव ऐकून असाल? न्हाई? कमाल हाय. ज्याच्या दावनीला एवढे बैल त्याचं नाव कळमनुरीच्या बैलयापाऱ्याला ठावं न्हाई—बरं, ऱ्हाऊ द्या, तुमी दुसऱ्या जातीचे बैल इकत असाल. तर संतराम. अंगानं आडदांड, मिशा पिकाय लागलेल्या, आन आतून पाच वर्साचं लेकरू. कान असे—म्या न्हावी हाय, मला कानातलं कळतं—पुढं वळलेले, सुपाच्या कडंगत, आन पाळी अशी लांब की दाढी करताना दोन बोटांनी बाजूला धरावी लागती. तसले कान त्या एकाच घरात. गरीब मानूस, कोनाला दुखवायचा न्हाई. रोज सकाळी फाटकाशी यायचा आन मला इचारायचा, "सोनाजी, दादाचा बाजार झाला का?" म्या म्हनायचा, "झालाच हाय, आता फक्त मीठ ऱ्हायलंय." मग तो खूश होऊन आत जायचा. थट्टाच ती. करायचो म्या थट्टा. माझी जीभच तशी हाय, तिला काय बांधून ठेवू?

आता देवीचं, त्या फोडांच्या रोगाचं, आईका. ही बराक लांबडी, एका खोलीत ओळीनं खाटा. आतली मानसं एकामेकाच्या ताटात जेवनार, एकामेकाच्या वाकळंत झोपनार, कोन रडलं की त्याच्या तोंडाला तोंड लावून त्याला गप करनार. अंग तापलं तर सांगता येत न्हाई, डोकं दुखलं तर दाखवता येत न्हाई. असल्या घरात एकाला देवी आल्या की काय होतं? शेजारच्या खाटंला येत्यात, मग त्याच्या शेजारच्या—ओळ सोडत न्हाईत. मागं एकदा आल्या होत्या. तवाच्या खाटा अजून मागं तबेल्यात उभ्या करून ठेवल्यात, चंदाबाई कोनाला जाळू देत न्हाई, आन त्यावर कोनाला झोपूबी देत न्हाई. म्हून ती त्या गोष्टीला जपती. कपडे उकळून घ्यायचे. नवं मानूस आलं की पंधरवडाभर येगळं, तबेल्याच्या पलीकडच्या खोलीत. आन हात धुवायचं काम खुर्शीदबीला.

खुर्शीदबी ठावं न्हाई तुमाला? अरारा. खुर्शीदबी म्हंजे आतलीच एक भोळी. तिला एकच येड, पान्याचं. दिसभर काहीबाही धुनार. घरच्यांनी म्हनं त्यापायीच हाकलली, सासूची जपमाळ राखंनं घासली म्हून. चंदाबाईनं काय केलं? तिला फाटकाच्या आत बादली दिली, फिनेल दिलं, साबन दिला, आन सांगितलं—आत येनारं कोनीबी असू दे, सोडायचं न्हाई. मागं एक तपासायला आलेला सायब होता, लई ताठ. तिनं त्याचे हात धुतले, मग काठी धुतली, मग चष्मा काढून धुतला, मग त्याला वाटलं संपलं, तर तिनं त्याच्या टोपीला हात घातला. त्यानं आत काय बघितलं देव जाने, पन जाताना म्हनला, इंतजाम चांगला हाय. टोपी तशीच वली डोक्यावर ठेवून गेला.

तर गेल्या हिवाळ्यात सरकारचा हुकूम निघाला, देवी काढून घ्या सगळ्यांनी, दंडावर टोचून. तिकडं जर्मनाची लढाई, इकडं घासलेट मिळंना, साखर मिळंना, आन लसंच्या नळ्याबी मोजक्याच. चंदाबाई उन्हाची कचेरीवर गेली. आमच्या घराला बी टोचा म्हनली. तिथला कारकून काय म्हनला ठावं हाय? "बाई, नळ्या मानसांनाच पुरंनात." असं म्हनला. तोंडानं म्हनला, आन वर पान खाऊन राहिला होता. चंदाबाई तशीच घरी आली आन खुर्शीदबीला म्हनली, आजपासून फिनेल दुप्पट.

आन बरोबर तवाच तिकडं पुसेगावात—हे आईका, इथं गोष्ट पलटी खाती—तिकडं पुसेगावात सरकारी देवी डाक्टर आला, मोहियोद्दीन साहेब. मोठ्या घरातल्या मोठ्या मानसांनी आधी दंड पुढं करायचा, म्हंजे गाव मागून येतं, असा वरचा हुकूम. मोठं घर कोनाचं? माणिकरावाचं. आन माणिकराव भ्याला. अहो, भ्याला म्हंजे, काय सांगू तुमाला, टोचणी बघितली आन घाम फुटला! पन मोठा मानूस असं म्हनल का, की म्या भ्यालो? न्हाई. तो म्हनला, आमच्या देवघरात देवीचा टाक हाय, आमच्या अंगाला लोखंड लागलं तर तिचा कोप व्हईल. शिवाय ही लस वासराच्या अंगातली, धरम बुडतो. आता इचारा मला, मग त्यानं काय केलं? सांगतो. त्यानं बैलगाडी जुपली. लाडवाचा डबा घेतला, नवं धोतर घेतलं, आन आला इथं. या फाटकाशी. एवढ्या सालात पहिल्यांदा.

संतराम फाटकाशीच हुभा होता. त्यानं गाडी वळखली, बैल वळखला, मग भाऊ वळखला. म्हनला, "दादा, मीठ मिळालं?" माणिकरावाला काय कळतंय! तो म्हनला, "भाऊ, घरी चल." भाऊ म्हनला त्याला. म्या इथं या दगडावर वस्तरा लावून राहिलो होतो, माझ्या कानानं आईकलं. संतराम मागंबी न बघता गाडीत जाऊन बसला, लाडवाचा डबा मांडीवर, उघडलाबी न्हाई, नुसता धरून बसला.

आन तिकडं नेऊन काय केलं? ओसरीवर बसवला, अंगावर शालजोडी टाकली, आन मोहियोद्दीन साहेबाला सांगितलं, हे माणिकराव. साहेबाला बिचाऱ्याला दिसभर गावं फिरून फिरून डोळ्यापुढं नुसते दंड दिसत होते, तोंडं दिसायची बंद झालेली. टोचलं. मग जेवनानंतर शाल बदलली, पटका बदलला—हे माणिकरावाचे थोरले चिरंजीव, बाळासाहेब. टोचलं. दुसऱ्या दिशी दुसरा दंड. हे धाकटे चिरंजीव. कुटुंबाला परपुरुषासमोर येता येत न्हाई, तवा पडद्याआडून हात बाहेर आला. हात असा केसाळ, रेड्यागत, बांगड्या कशाबशा मनगटात कोंबलेल्या. साहेबानं म्हनं नुसतं बघितलं आन म्हनला, "माशाअल्ला, बाईसाहेबांची तब्येत चांगली हाय." टोचलं. वासराच्या लसीनं माणिकरावाचा धरम बुडत होता, सख्ख्या भावाच्या अंगात गेली तर तोच धरम तरला. हसू येतंय का तुमाला? न्हाई? मला बी न्हाई. म्या आपलं तोंड वाकडं करून राहिलो, उन्हामुळं.

संतरामला परत आनून सोडला तवा दोन्ही दंड सुजून भोपळा झालेले, अंगात ताप. चंदाबाईनं गाडीवाल्याला काय काय म्हनलं ते म्या सांगत न्हाई, तुमी अनोळखी मानूस. पन संतराम? तो खूश! प्रत्येक जखमेवर बोट ठेवून सांगायचा—हे दादाचं. हे वहिनीचं. हे बाळासाहेबाचं. खाजवायचा न्हाई, कोनाला हात लावू द्यायचा न्हाई. रातभर कन्हायचा आन वर म्हनायचा, "दादाला दुखून राहिलं असंल न्हाई? म्या फुकून राहिलो, म्हंजे त्याला बरं वाटंल." दंडावर फुंकायचा. आता तिथं जखमांचे गोल गोल वन राहिलेत, नान्यागत. रोज सकाळी खुर्शीदबीकडून धुऊन घेतो. सगळं घरदार अंगावर घेऊन फिरतो तो, मालक. दुसरं घर त्याला न्हाईच.

पुढं काय झालं? एका घराचं दुसऱ्याला कळलं. पुसेगावात गोष्ट कितीशी दडनार? चार दिसांत गाड्यांची रांग. "बाई, एखादा भोळा देता का? दोन दिसांत परत आनून देतो." जसं काय नांगर मागून राहिले! कोनी म्हनं, आमाला जरा गोरा द्या, आमचे तात्या गोरे हायती. कोनी म्हनं, म्हातारी हाय का, आमच्या आजीच्या मापाची? एक जन तर घासाघीस करून राहिला, की एकच भोळा दोन घरांत वाटून घेतो. म्या म्हनलं, बाई, फाटक लावा, या शहाण्यांच्या तोंडावर शेन मारा. तर चंदाबाई काय म्हनली? तिनं रांगेतल्या गाड्या बोटांवर मोजल्या, आन म्हनली, "सोनाजी, कचेरीनं आपल्याला नळ्या दिल्या न्हाईत. या दारात चालून आल्यात."

समजलं का तुमाला? मला समजायला एक दाढी होईपर्यंतचा वेळ लागला. मग तिनं एकेकाला स्वतः गाडीत बसवलं, आन गाडीवाल्याला दम दिला—एकच दंड, एकच डाव, आन टोचल्यावर लस राखेनं पुसायची न्हाई, तुमच्या गावात पुसत्यात तसं. जे जाऊन आलं त्याला दुसऱ्यांदा दिलं न्हाई. आन त्या शहाण्यांनी आपल्या हातानं, आपल्या गाडीनं, वर शाल पांघरून, लाडू खाऊ घालून, अख्खी बराक टोचून दिली! कचेरीत पुसेगाव पुरं झालं म्हून नोंद. आन पुसेगावात एक दंड उघडा पडला न्हाई.

सगळी बराक टोचली. म्हंजे—सगळी. एक सोडून. आहे एक पोरगी आत, शालू. तिला कोनी नेलंच न्हाई. ती चावती. नवं मानूस दिसलं की खाटंखाली जाती आन पाय धरायला गेलं की चावती. असली कोन उसनी नेईल? ऱ्हायली. तिचं काय एवढं न्हाई. म्या आपलं गोष्ट पुरी सांगायची म्हून सांगितलं.

तर मग फाल्गुन आला आन देवी आल्या. पुसेगावात आल्या, शेजारच्या वाड्यांत आल्या. आन बराकीत? काय न्हाई. कोनाला फोड न्हाई, पुरळ न्हाई. मग गावात चर्चा—असं कसं? आमच्या नावाच्या देवी काढल्या, दप्तरात हायती, मग आमाला काहून? मग कोनीतरी अक्कलवंतानं सांगितलं, की आपल्या देवी त्या भोळ्यांनी खाल्ल्या. आपल्या हक्काच्या, आपल्या नावाच्या, त्यांच्या अंगात जाऊन बसल्या! आता त्या परत आनायच्या कशा? तर ज्याच्या दंडावर आपलं नाव त्याचा दंड धुवायचा आन ते तीर्थ घरी नेऊन पाजायचं. तवापासून हे फाटक बघा. लोक तांबे घेऊन येऊन राहिले. फडकी बांधलेले तांबे. घरी फोडांनी अंग पेटलेली मानसं सोडून, त्याच कपड्यात, त्याच हातांनी—आन आत ओळीनं खाटा, आन त्या ओळीत एक खाट कोरी, बिनटोचलेली. म्हून चंदाबाईनं फाटकाला साखळी घातली आन मला बाहेर बसवलं. म्या न्हावी, गावोगाव मानसांच्या हनुवट्या धरतो, मलाबी आत येऊ देत न्हाई ती. होळीपासून म्या आत पाऊल टाकलं न्हाई. मायनं मरताना शालूचा हात माझ्या हातात दिला, आन बघायचं तर खिडकीतून—म्हंजे तिच्या मायनं. चंदाबाईच्या हातात. लई गरम होऊन राहिलं बुवा आज, लिंबाची सावली बी पातळ पडली.

काय म्हनता? व्हय, कोन आलं आज ते तुमी वळखलंत. ती सायकल मोहियोद्दीन साहेबांचीच. सकाळीच आले. दप्तरातलं पुसेगाव आन खरं पुसेगाव जुळंना म्हून इचारत इचारत इथं पोचले. चंदाबाईनं सगळ्यांना वट्यावर ओळीनं बसवलं आन बाह्या वर करायला लावल्या. साहेब एका टोकापासून बघत गेले. आपल्या हातची टोचणी मानूस वळखतोच की. संतरामपाशी आले तर तो आपला सांगतोय—हे दादाचं, हे वहिनीचं. साहेब मटकन खाली बसले, टोपी काढली आन म्हनले, "या अल्ला, पूरा पुसेगाव तो यहीं बैठा है." आधी हसले, मग हसायचे थांबले. खिशात एक नळी होती, कोनातरी मोठ्या घरची राखून ठेवलेली. ती काढून चंदाबाईपुढं ठेवली. "अब इस घर में कौन बाकी है?"

कोन बाकी? शालू. सकाळपासून तेच चाललंय. चौघांनी धरून टोचता येईल, व्हय, पन साहेब म्हनतात तसलं टोचलेलं ती ओरबाडून काढंल, मग नळी बी गेली आन पोरगी बी. तिनं आपल्या खुशीनं हात पुढं करायला पायजे. दुसऱ्याला टोचलेलं तिनं बघितलं, आन तो रडला न्हाई, तर ती करती. संतरामला बसवलं तिच्यापुढं. पन तो हसतो, त्याचं ती धरत न्हाई. चंदाबाईचा दंड जुनाच टोचून कोरलेला. मग म्या बसलो, तिकडं बाहेरच, खिडकीपासून लांब. साहेबांनी माझ्या दंडाला टोचलं, खरंखुरं टोचलं, हे बघा, अजून ताजं हाय. आन शालू? ती हसून खाटंखाली गेली. माझ्यावर तिचा इस्वास न्हाई मालक! लहानपनापासून म्या तिला खोटं लंगडून दाखवलं, खोटं रडून दाखवलं, साप चावला म्हून मरून दाखवलं. तिला वाटलं ही बी थट्टाच. एकदा खरं वागायला गेलो आन—जाऊ द्या.

वळून बघू नका. हळूच बघा. दुसरी खिडकी, गजाला दोन हात. दिसली? तुमी आल्यापासून ती तिथं हाय. खाटंखाली गेली न्हाई. तुमचा लाल पटका बघून राहिली. लाल रंगाला ती भुलती, आन अशा मिशीच्या मानसाला तिनं कवा बघितलं न्हाई. मग म्या एवढा वेळ काहून बडबडून राहिलो, तुमाला वाटलं? बैलाच्या यापाऱ्याला करमावं म्हून?

आता बसा. उठू नका. तांब्यात तीर्थ भरायला आलात ना? कानावरून पटका लई आवळून बांधलाय तुमी, पन घामानं वर सरकला, कवाचाच सरकला. तसले कान म्या होळीपतुर रोज सकाळी दोन बोटांनी बाजूला धरत होतो. आन दाढीचं—बाप मेला तर डोई बी भादरली असती, डोई तर शाबूत हाय. पोथीचा नेम असंल म्हनता? तर मग कोटाच्या खिशातून लिंबाचा डहाळा काहून डोकावून राहिला? घरात देवी असल्यावर वस्तरा लावत न्हाईत, हे सांगायला न्हाव्याला पोथी लागत न्हाई. कोनाला आल्यात? सूनबाईला? न्हाई, ऱ्हाऊ द्या, नाव घेऊ नका, रीतच तशी हाय. तीर्थाचं म्हनाल तर ते निव्वळ फिनेलचं पानी हाय, खुर्शीदबीला इचारा, पाजलंत तर आजारी मानूस दुसऱ्याच रोगानं जाईल. घरातलं जे लेकरू अजून सुटलंय ते साहेबांकडं घेऊन जा, ते सांजच्याला हिंगोलीतच हायती, नव्या नळ्या उद्या येनार. हे फुकट सांगितलं.

गोष्ट मातर फुकट न्हाई. पैशाचा हात काढा खिशातून, पैसे कोन मागून राहिलं? म्या गोष्ट सांगितली, तिची मजुरी द्या. एवढी मानसं तुमच्या नावानं बसली, आता एकदा तुमी आमच्या नावानं बसा. साहेब! ओ साहेब! या, गिऱ्हाईक तयार झालं! नळीत अजून दोघांपुरती हाय, म्या इचारलंय. इथंच, फाटकाबाहेर, आत तुमाला पाऊल टाकू देनार न्हाई. आधी तुमाला, मग साहेब टोचणी दिव्यावर जाळतील, खुर्शीदबी त्यांना कोपरापतुर धुवंल, मग तिला. संतराम, मागं हो, मागं हो लेका, साखळीला हात लावू नको—व्हय, व्हय, तोच हाय, दादाच हाय तुझा, आला बाजार करून. तिथूनच बघ. न्हाई रं, त्याच्यासाठी तुझा दंड नको आज, बाही खाली कर. आज त्याचा तो देनार हाय.

चला माणिकराव. बाही वर करा. आजून वर, कोटाची गुंडी काढा. आन तोंडातून आवाज काढाल तर बघा.

ती बघून राहिली.